आधी हेल्मेट, मग वायर, सगळ्यात शेवटी सेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला गट, सात जण, सहा मोटारसायकली. पावसाळ्यात ताम्हिणीतून दिवेआगर आणि पुढच्या जूनमध्ये स्पिती असा बेत. दोघांकडे ब्लूटूथ इंटरकॉम आहे, पण घाटात दोन वळणांनंतर तो तुटतो. म्हणून आता सगळ्यांसाठी वॉकीटॉकी घ्यायचे आहेत. ऑनलाइन दिसणारा ५ वॅटचा सेट घ्यावा की ८ वॅटचा, तो हेल्मेटला कसा जोडायचा, गाडीच्या बॅटरीवर चालेल का, आणि पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं?

५ की ८ हे शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे आणि ते आधी दिलं तर बाकीचं कोणी वाचणार नाही. मी हॅम आहे, म्हणजे परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला. वीसएक वर्षं गाडीवर रेडिओ घेऊन फिरतोय आणि करता येतील तेवढ्या चुका स्वतः करून झाल्या आहेत. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली: गाडीवरचा रेडिओ बहुतेक वेळा सेटमुळे फसत नाही. फसतो तो तोंड ते माइक या दोन सेंटिमीटरमध्ये, नाहीतर प्लगमध्ये, नाहीतर अँटेनाच्या बुडाशी. लोक पैसे मात्र सेटवर घालतात.

कायद्याचं आधी उरकू, कारण कोणता सेट चालेल हे तिथेच ठरतं. आपल्याकडे वायरलेस सेटचं बटण दाबायला एकतर परवाना लागतो किंवा ती फ्रिक्वेन्सी परवानामुक्त असावी लागते. वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. २०१८ च्या नियमांनी कमी शक्तीच्या सेटना तिथे सूट दिली आहे. मात्र त्या सेटच्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी, म्हणजे ईटीए, असली पाहिजे. विकणाऱ्याकडे तो क्रमांक मागा. तो गोलमोल बोलायला लागला तर दुकान बदला. तुम्ही ज्या ५ वॅटच्या सेटबद्दल विचारताय तो साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ एवढ्या सगळ्या पट्ट्यात बोलू शकतो. त्यातले हॅमचे आणि ४४६ चा असे छोटे तुकडे सोडले तर बाकी बहुतेक जागा पोलीस, सरकारी खाती आणि पैसे भरून परवाना घेतलेल्या कंपन्या यांच्यात वाटलेली आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा सेटची नीट माहिती न देता विक्री चालू ठेवणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या, त्या याच कारणासाठी. 'सगळेच वापरतात' हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

दुसरा रस्ता हॅम परवान्याचा. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत, एक परीक्षा द्यायची, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं नाव, मिळतं, जनरल ग्रेडला व्हीयू२ ने. गाडीवाल्याला लागणारा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा दोघांनाही खुला आहे. अभ्यास अवघड नाही, पण पडताळणीसकट परवाना हातात यायला महिने जातात. तेव्हा जूनची स्पिती गाठायची असेल तर आजच सुरुवात करा. दोन अटी मात्र नीट समजून घ्या. बोलणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा, एकाच्या परवान्यावर सहा जण बोलू शकत नाहीत. आणि हा पट्टा धंद्यासाठी नाही. तुमच्यापैकी कोणी पैसे घेऊन टूर काढत असेल तर त्या टूरवर हॅम सेट वापरायचा नाही.

तिसरा रस्ता मेश इंटरकॉमचा. त्यात प्रत्येक हेल्मेट पुढच्याचा आवाज मागच्याकडे पोचवतं, त्यामुळे गट सलग असेल तर साध्या ब्लूटूथपेक्षा खूपच बरं चालतं. परवान्याची कटकट नाही, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं. पण सहा नग म्हणजे खिशाला मोठं भोक, आणि मधली एक गाडी पंक्चरला थांबली की साखळी तिथेच तुटते. मोबाइलवरची वॉकीटॉकी ॲप नेटवर्क असेपर्यंतच. ताम्हिणीत नेटवर्क कुठपर्यंत टिकतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझा सल्ला: आत्ताच्या दिवेआगरसाठी ४४६ चे मंजुरी असलेले तीनच सेट घ्या. हो, सहा नाही, तीन. एक सगळ्यात पुढच्या गाडीला, एक मधल्या, एक सगळ्यात मागच्या. सहाही जणांना रेडिओ दिला की पहिला अर्धा तास 'ऐकू येतंय का', दुसरा अर्धा तास मिसळ कुठे खायची, आणि नेमका समोरून ट्रक आला की कोणीतरी बटण दाबून हसतोय. ज्यांच्याकडे सेट नाही ते आरशात बघून चालवतात, आणि त्यांचं लक्ष रस्त्यावर जास्त असतं.

आता हेल्मेट. ताशी ८० च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. स्पीकरला त्याच्यावर मात करायची आहे, आणि ती व्हॉल्यूम वाढवून होत नाही, जागा बरोबर असून होते. स्पीकर कानाच्या भोकासमोरच हवा. एक सेंटिमीटर पुढे-मागे झाला की अर्धा आवाज गेला. जागा शोधायची माझी युक्ती अशी: कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो त्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावायचा आणि नेहमीसारखं हेल्मेट घालायचं. काढल्यावर आतल्या कापडावर लांबट ओघळ दिसतो. हेल्मेट खाली सरकत येतं, म्हणून ओघळाचं वरचं टोक म्हणजे तुमच्या कानाची शेवटची जागा. स्पीकर तिथे. कापड धुतलं की कुंकू जातं. माझ्या एका हेल्मेटमधलं गेलं नाही, पण ते बाहेर कोणाला दिसतं?

बऱ्याच हेल्मेटला कानाशी खळगा असतो, स्पीकर त्यातच बसवा. नसेल तर गादीच्या मागे पातळ स्पीकर सरकवा. आतला थर्माकोल कोरू नका. एका मित्राने सुरीने छान गोल खळगा करून मला कौतुकाने दाखवला होता. मी त्याला नवं हेल्मेट घ्यायला लावलं. त्या थर्माकोलवरच तुमचं डोकं वाचायचं आहे, आयएसआय शिक्का बाहेरच्या टोपल्यापुरता नसतो. आणि फोमचे इअरप्लग घाला. विरोधाभास वाटेल, पण प्लग वाऱ्याची घरघर खाली आणतात आणि बोलणं त्यातून जास्त स्पष्ट येतं. संध्याकाळी कान वाजत नाहीत हा वरचा फायदा.

माइक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला हवा, हनुवटीजवळ लोंबकळणारा नको. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटला चिकटवायचा बटणासारखा माइक चालतो, उघड्या हेल्मेटला दांडीचा. वाऱ्याचा आवाज मारणारे माइक दोन तोंडांचे असतात: एका बाजूने तुमचा आवाज, दुसऱ्या बाजूने आजूबाजूचा, आणि आतमध्ये दोन्हींची वजाबाकी. अशा माइकवर एका बाजूला ठिपका किंवा खूण असते, ती बाजू ओठांकडे. उलटा लावलात तर तो इमानेइतबारे तुमचाच आवाज कापतो आणि वारा पोचवतो. 'माइक खराब आहे' म्हणून माझ्याकडे आलेल्या हेल्मेटांत निम्म्या वेळा एवढंच निघतं. माइकचा गेन, म्हणजे तो आवाज किती मोठा करतो ते, वाढवू नका, उलट कमी करा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडलेलं पलीकडे फाटून पोचतं.

बोललं की आपोआप चालू होणारा व्हॉक्स नावाचा प्रकार सेटमध्ये असतो. गाडीवर तो बंद. खोकला, शिंक, ट्रकचा हॉर्न, हेल्मेटची काच उघडल्यावरचा वारा, सगळ्यांनी तो चालू होतो आणि चॅनल अडकून राहतो. बोलायचं बटण, पीटीटी, हँडलवरच हवं. डाव्या ग्रिपच्या आतल्या बाजूला, अंगठा ग्रिप न सोडता पोचेल असं. हातात सेट धरून बोलणं ही नुसती वाईट सवय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरून संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलं आहे. बटण हॉर्नच्या अगदी शेजारी मात्र लावू नका. मी लावलं होतं. माणगावच्या बाजारात एका म्हशीला मी फार अदबीने 'पुढे रस्ता मोकळा आहे का' असं रेडिओवर विचारलं, आणि मागच्या मित्राने उत्तर दिलं, म्हशीने दिलं नाही.

आता तो प्लग. इथे जरा थांबतो, कारण हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यांचं इथेच अडतं. बहुतेक स्वस्त सेटला केनवूड पद्धतीचा दोन खुंट्यांचा प्लग असतो, एक खुंटी ३.५ मिलिमीटरची आणि एक २.५ ची. छोट्या खुंटीच्या टोकावर स्पीकर आणि तिच्या बुडाच्या नळीवर सेटचं खरं अर्थ (ग्राउंड). मोठ्या खुंटीच्या मधल्या कड्यावर माइक आणि तिच्या बुडावर माइकचं परतीचं टोक. इथपर्यंत साधं आहे. गंमत अशी की माइकचं हे परतीचं टोक सेटच्या अर्थला जोडलेलं नसतं. ते अर्थला जोडणं म्हणजेच पीटीटी दाबणं. बटण दुसरं काहीच करत नाही, मोठ्या खुंटीचं बूड आणि छोट्या खुंटीचं बूड एकमेकांना टेकवतं.

याचा परिणाम बघा. घरी टेबलावर सगळं झकास चालतं. मग तुम्ही पीटीटीचं बटण एका पत्र्याच्या डबीत बसवून हँडलला कसता आणि माइकच्या वायरची बाहेरची जाळी, म्हणजे तेच परतीचं टोक, नेहमीच्या सवयीने, त्या डबीला सोल्डर करता. सेटला बाहेरचा अँटेना लावला की त्याच्या केबलची जाळी सेटच्या अर्थला, तिथून अँटेनाच्या क्लॅम्पला, तिथून गाडीच्या चासीला. डबी पण चासीलाच. म्हणजे माइकचं परतीचं टोक गाडीमार्गे फिरून अर्थला टेकलं आणि सेट कायमचा बोलता झाला. तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, कारण बोलता सेट ऐकत नाही. तुम्हाला वाटतं बाकीचे गप्प आहेत. मी खोपोलीपासून पेणपर्यंत असाच गेलो होतो. मागच्या दोघांनी माझी सगळी गुणगुण, गिअर बदलताना दिलेल्या शिव्या आणि एका ट्रकवाल्याविषयीचं माझं सविस्तर मत ऐकलं. पेणला चहाच्या टपरीवर त्यांनी ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

म्हणून माइकची जाळी कुठल्याही धातूला लावायची नाही. बटण प्लॅस्टिकच्या डबीत किंवा रबरी बुटात, दोन्ही वायरी गाडीपासून वेगळ्या. तपासायला साधा मल्टिमीटर पुरे: सेट काढून ठेवा, एक टोक मोठ्या प्लगच्या बुडाला, दुसरं चासीला. बीप वाजली की कुठेतरी वायर सोलली आहे. पावसात हाच प्रकार पाण्यामुळे होतो, प्लगमध्ये ओल गेली की सेट आपोआप बोलायला लागतो. म्हणून प्लग बसवून झाल्यावर त्याभोवती सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा आणि सेटच्या मेनूत टाइम-आउट ६० सेकंदांवर ठेवा. वायर काही करो, एका मिनिटानंतर सेट स्वतःहून गप्प होईल.

हेल्मेट आणि गाडी यांच्यामधली वायर गुंडाळीची घ्या, जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरला असायची तशी. तिला मध्ये ओढल्यावर सुटणारा जोड हवा. जोड नसेल तर काय होतं ते पहिल्या पेट्रोल पंपावर कळेल: तुम्ही उतरता, गाडी तुमची मान धरते. वायरलेस जोडणी हवी असेल तर ब्लूटूथ इंटरकॉम आणि रेडिओ यांच्यामधला अडॅप्टर मिळतो, तोही चालतो. मी वायरवालाच आहे, कारण वायरला रात्री चार्ज करावं लागत नाही.

अँटेनाकडे येऊ. ४४६ च्या मंजूर सेटच्या अँटेनाला हात लावायचा नाही. मंजुरी त्या सेटला त्याच्या अँटेनासकट मिळालेली असते. मग करायचं काय, तर सेट नीट जागी ठेवायचा. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलेला सेट तुमच्याच शरीराला आवाज ऐकवतो, माणूस म्हणजे या लहरींच्या दृष्टीने पाण्याने भरलेली पखाल. टँकबॅगमध्ये ठेवला तर एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला पोट. सॅकच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना उभा आणि खांद्याच्या वर निघालेला, ही उत्तम जागा. सगळ्यात पुढच्या गाडीवाल्याने शक्यतो पाठीवर, म्हणजे मागच्यांशी स्वतःच्या शरीराच्या आडून बोलण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

हॅम सेट असेल तर मात्र बाहेरचा अँटेना लावा, तो लावल्यावर हाच सेट आहे यावर विश्वास बसत नाही. पण मोटारीचं ज्ञान इथे तसंच्या तसं चालत नाही. मोटारीच्या टपावर ४९ सेंटिमीटरची, पाव तरंगलांबीची दांडी उभी करतात, तेव्हा तो पत्र्याचा टप अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. गाडीला टप नाही. कॅरिअरच्या चार पाइपांवर तीच दांडी उभी केली की अँटेना अर्धवट राहतो, आणि उरलेला अर्धा तो तुमच्या केबलमधून, कधीकधी माइकच्या वायरीतूनही शोधतो. मग बोलताना आवाज गुरगुरतो. त्यासाठी गाडीवर अर्ध्या तरंगलांबीचा, साधारण मीटरभर उंचीचा अँटेना घ्या, त्याला खाली पत्रा लागत नाही. मागच्या कॅरिअरच्या कोपऱ्यावर स्टेनलेस स्टीलचा जाड एल-ब्रॅकेट, बोल्टला तो सैल होऊ न देणारं निळं थ्रेडलॉकर. पातळ पत्रा घेतला तर आपल्या रस्त्यांवर तो दोन महिन्यांत बुडाशी तडकतो. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर हॅम मित्राकडून उसना आणा. १.५ च्या आत असेल तर विषय संपला, तिथे जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते. ३ असेल तर २५ टक्के परत येते. तेव्हा सेट बदलण्याऐवजी क्लॅम्प घासून रंग काढा आणि दांडीची लांबी बघा. मीटर गाडी उभी असताना, तुम्ही सीटवर बसलेले असताना वाचा. तुम्ही बाजूला उभे राहून घेतलेलं माप गाडी चालवताना खरं नसतं.

केबल सीटखालून नेताना दोन जागा सांभाळा. इग्निशन कॉइलपासून दूर ठेवा, आणि सीट बंद केल्यावर ती चेपत नाही ना ते पाहा. पुढे हँडलपर्यंत आणायची असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मगच केबल टाय ओढा. अँटेनाच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि जोडाच्या आधी केबलला खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी झोळातून टपकेल, प्लगात शिरणार नाही.

बॅटरीचं विचारलंत. हातातल्या सेटसाठी गाडीची वीज घेऊच नका. दिवसभराला एक जादा बॅटरी पुरते, कारण तुम्ही बोलता फार कमी, ऐकता जास्त. गाडीवर जोडलात की अल्टरनेटरची शिट्टी स्पीकरमध्ये येते, ॲक्सिलरेटर पिळला की शिट्टीही चढते, आणि वर सांगितलेले अर्थचे घोळ सुरू होतात. २५ किंवा ५० वॅटचा, गाडीत पक्का बसवायचा 'मोबाइल' रेडिओ सेट लावायचाच असेल तर वायर थेट बॅटरीवरून, लाल आणि काळी दोन्हींवर बॅटरीजवळ फ्यूज, आणि चावी बंद केली की तुटणारा रिले. ५० वॅटवर बोलताना सेट १० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे १२० वॅट. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, वरून जादा दिवे लावलेले, अशा वेळी बॅटरी खाली येते. आणि मागे बायको किंवा मित्र बसत असेल तर त्याच्या पाठीपासून दीड फुटावर ५० वॅट ओतणं मला तरी पटत नाही. मी १० च्या वर जात नाही. स्पीकरमध्ये इंजिनाच्या ठिणगीची खरखर येत असेल तर स्पार्क प्लगच्या नंबरात 'आर' अक्षर आहे का बघा. रेझिस्टरचा प्लग नसेल तर खरखर रोखायला वायरीवर चढवलेले सगळे फेराइटचे मणी व्यर्थ.

सेटच्या मेनूत चार गोष्टी बदला. ड्युअल वॉच बंद, नाहीतर तुम्ही एका चॅनलवर ऐकता आणि दुसऱ्यावर बोलता. बॅटरी सेव्हर बंद, तो पहिला शब्द खातो. शेवटी वाजणारी पीप बंद, दुसऱ्या दिवशी तिच्यावरून भांडण होतं. कीपॅड लॉक चालू. सीटीसीएसएस टोन, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा बारीक सूर, सगळ्यांचा एकच ठेवा. त्याने दुसऱ्यांचा गोंगाट ऐकू येत नाही एवढंच. तुमचं बोलणं त्याने खाजगी होत नाही, हे विसरू नका.

आता बोलायचं कसं, आणि हे मराठीत बोलणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. नवखा माणूस बटण दाबता दाबता बोलायला लागतो आणि वाक्य संपायच्या आत सोडतो. म्हणजे वाक्याचं डोकं आणि शेपूट दोन्ही कापलं जातं. आपल्या भाषेत नकार शेपटात असतो. 'ओव्हरटेक करू नका' यातलं 'नका' गेलं की मागच्याला ऐकू येतं 'ओव्हरटेक करू', आणि तो करतो. वरंध घाटात आमच्यातल्या एकाने केलं होतं. समोरून एसटी होती. वाचला, पण त्या दिवसापासून आमच्याकडे रेडिओवर 'नका' आणि 'नाही' हे शब्द बंद आहेत. 'मागेच राहा', 'थांबा', 'या', 'सावकाश' असे होकारी आणि एक-दोन शब्दांचे हुकूम. डावं-उजवं दोनदा म्हणायचं: 'डावीकडे, डावीकडे खड्डा'. बटण दाबलं की मनात 'एक' म्हणायचं, मग बोलायचं, संपलं की पुन्हा 'एक' म्हणून सोडायचं. सुरुवातीला खुळ्यासारखं वाटतं.

घाटात अंतराची अपेक्षा कमी ठेवा. सपाट माळावर दीड मीटर उंचीचे दोन अँटेना साधारण १० किलोमीटरपर्यंत एकमेकांच्या दृष्टीत असतात. ताम्हिणीत मध्ये डोंगराची सोंड आली की दोन वळणं, संपलं. त्यावर वॅट वाढवणं हा उपाय नाही. मधला सेटवाला हाच उपाय आहे. पुढचा वळणाआड गेला की मधला माणूस वळणावर रेंगाळतो, दोघांचंही ऐकतो आणि निरोप पुढे देतो. त्या जागी सगळ्यात शांत डोक्याचा माणूस द्या, सगळ्यात भारी गाडीवाला नको.

स्पितीत थंडीने बॅटरी लवकर खाली येते. जादा बॅटरी जॅकेटच्या आत, अंगाला लागून ठेवा. सीमेकडचा भाग आहे, चौक्यांवर अँटेना बघून विचारणा होऊ शकते. परवान्याची प्रत किंवा ईटीएचा कागद वरच्या खिशात हवा. आणि 'तिथे सॅटेलाइटवाला यंत्र नेऊ' असं कोणी सुचवेल, तर आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि संदेश पाठवणारी ती छोटी यंत्रं बाळगणं बेकायदा आहे. परदेशी प्रवाशांना गोव्याच्या विमानतळावरही त्यासाठी ताब्यात घेतलं गेलं आहे.

निघायच्या आदल्या रविवारी एक फेरी मारा. आधी इंजिन बंद, मग चालू, मग उभ्या उभ्याच रेस करून ऐका. त्यानंतर दोन गाड्या बाणेर ते चांदणी चौक, हायवेला ताशी ८० ने. जे बिघडायचं ते तिथेच बिघडू दे, ताम्हिणीच्या पावसात स्क्रू ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा बरं.

राहिलं ५ की ८. फरक २ डेसिबलचा, मीटरची काडीही धड हलत नाही. परवाना आल्यावर ५ वॅटचा घ्या आणि वाचलेल्या पैशांत माइकचे फोम डझनभर आणून ठेवा. आपल्या पावसात ते एका मोसमात भुगा होतात.